राहता सेट

औषधांच्या दुकानात डोळ्यांत घालायचे थेंब मागून तो उभा होता, तेवढ्यात बाजूच्या बाईनं त्याच्या बाहीला हात लावला आणि विचारलं, "आमचं घर तुम्हीच बांधलंत ना हो?" त्यानं वळून पाहिलं. पन्नाशीची बाई, हातात कापडी पिशवी, डोळे थेट त्याच्या तोंडावर रोखलेले. "नाही बाई, तुमची काहीतरी गल्लत होतेय, मी बांधकामातला नाही," तो म्हणाला, आणि मग आपण कशातले आहोत हे सांगायला लागेल या भीतीनं दुकानदाराकडे बघू लागला. "अहो तेच, सिनेमावाले," ती म्हणाली, "मला नाही ओळखलंत? मी खिडकीतली." तो पुन्हा तिच्याकडे वळला. खिडकीतली! जगभरच्या सिनेमाच्या शाळांतून तो हे तोंड पडद्यावर दाखवत फिरला होता. त्याच्या सिनेमात एक पोर खिडकीत उभी राहते, बाहेर बघते, काही बोलत नाही, बस्स. त्या चेहऱ्यावर त्यानं तासन् तास भाषणं ठोकली होती. लोकांनी लेख लिहिले होते, पोस्टरवर तोच चेहरा होता. आणि आता तो चेहरा खोकल्याची बाटली पिशवीत घालून समोर उभा होता, तर त्याला त्याची काडीची ओळख पटली नव्हती. तिचं नावही त्याला कधी माहीत नव्हतं. सेटवर सगळे तिला खिडकीवालीच म्हणायचे.

ती बोलत सुटली. बोलणं ऐकवत नव्हतं आणि सोडून जाववतही नव्हतं. "पाडणार आहेत हो आमची वस्ती. रस्ता जायचाय तिथून. सरकारनं एक साल ठरवलंय. त्या सालाच्या आधीपासून जे राहतायत त्यांना गावाबाहेर खोली, बाकीच्यांना रस्ता मोकळा. आम्ही आधीपासून आहोत हो, पण कागद कुठंय? कागद सगळे नंतरचे. मग आमच्यातला एक शिकलेला म्हणाला, अरे, आपला सिनेमा आहे ना! सिनेमा त्या सालाच्या आधीचा. त्यात आपण सगळे दिसतो. ऑफिसातले साहेब म्हणाले, सिनेमा चालेल, पण ज्यांनी काढला त्यांनी येऊन सांगायला हवं की ही माणसं तेव्हा तिथं राहत होती. गुरुवारी बोलावलंय. तुमचा पत्ता शोधून शोधून थकलो, आणि बघा, देव कसा समोर उभा करतो!" मग तिनं पुन्हा बाहीला हात लावला. "तुम्ही नुसतं या. तुमचा शब्द कोण खाली पाडणार?"

घरी जाताना तो दोनदा चुकीच्या गल्लीत वळला. तुमचा शब्द कोण खाली पाडणार! हे वाक्य त्याच्या आयुष्यात कधी कुणी म्हटलं असेल तर ते फार पूर्वी, आणि तेही दारू चढल्यावर. त्याला हसू यायला हवं होतं, पण छातीत काहीतरी गरम गरम पसरलं, आणि त्या गरमपणाचीच त्याला लाज वाटली. उधारीच्या कॅमेऱ्यावर त्यानं पहिला सिनेमा काढला तेव्हा त्याची खरोखर अशी समजूत होती की लोकांनी बघितलं की लोक उठतील. दिवे लागतील, माणसं खुर्च्यांतून उठतील आणि बाहेर पडून काहीतरी करतील. दिवे लागले, माणसं उठली, आणि गाड्या काढायला पळाली. मग कारखान्यात राबणाऱ्या पोरांवरचा सिनेमा. तो मात्र गाजला. मंत्र्यानं बघितला, डोळे पुसले, धाडी पडल्या, वर्तमानपत्रांत फोटो आले. पुढं कधीतरी एका पोराचा बाप त्याला रस्त्यात भेटला. बाप चिडलेला नव्हता, तेच वाईट होतं. "सिनेमा चांगला होता तुमचा," बाप म्हणाला, "पण मालकानं कारखाना हद्दीबाहेर नेला ना. आता पोराला दोन बस बदलून जावं लागतं." त्यानं पोराची चौकशी केली, बापानं बरा आहे म्हणून सांगितलं, आणि दोघंही आपापल्या वाटेनं गेले. त्या सिनेमाचं बक्षीस अजून घरी आहे. बायको त्या बक्षिसानं बाल्कनीचं दार अडवते, वाऱ्यानं आपटू नये म्हणून. "वजनदार आहे," ती म्हणते, "कामाला आलं एकदाचं."

नंतर पैसे घालायला कुणी मिळेना म्हणून तो स्वतःच निर्माता झाला, म्हणजे आपल्याच खड्ड्यात आपणच उतरायचं आणि वरून मातीही आपणच लोटायची. तरी काढत गेला. पाण्यावर काढला, तुरुंगावर काढला, वेड्यांच्या इस्पितळावर काढला. लोक त्याला 'तळमळीचा दिग्दर्शक' म्हणू लागले. कुणी तसं म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढं पित्तानं तळमळणारा माणूस यायचा. तळमळ पडद्यावर मावायची, पडद्याबाहेर तिला जागा नव्हती. शिष्य तयार झाले, ते जाहिराती करून सुखी झाले. बोलावणी कमी झाली, मग बंद झाली. गेली काही वर्षं तो सकाळी फिरून येतो, डोळ्यांत थेंब घालतो आणि दुपारी खुर्चीत बसून कुठल्या तरी न काढलेल्या सिनेमाचे शॉट लावत बसतो. जगातलं काहीही त्याच्यामुळं इकडचं तिकडं झालेलं नाही, हे त्यानं आता इतक्या शांतपणे मान्य केलं होतं की त्या शांतपणाचीही त्याला सवय झाली होती. आणि आता ही बाई म्हणते, घर तुम्हीच बांधलंत.

बांधलं होतं, तेही खरंच. वस्तीवरचा सिनेमा काढायचा म्हणून ते आधी खऱ्या वस्तीत गेले होते, तर तिथल्या बायकांनी त्यांना हाकलून लावलं. "आमच्या दरिद्रीपणाची जत्रा लावताय का?" मग मिस्त्री म्हणाला, आपण उभी करू. मिस्त्री म्हणजे त्याचा कलादिग्दर्शक, पण हातोडी स्वतःच्याच कमरेला, म्हणून सगळे त्याला मिस्त्री म्हणायचे. नदीकाठची मोकळी जमीन त्यांनी भाड्यानं घेतली. तिथं झुडपं होती आणि कुत्री होती, तिसरं काही नव्हतं. मिस्त्रीनं भंगारबाजारातून जुनी दारं आणली, पत्रे आणले, गोणपाटं आणली. चहाचं पाणी आणि काजळी कालवून भिंतींना वीस वर्षांचं वय चढवलं. एवढं करूनही तो दिग्दर्शक म्हणून नाखूश. "मिस्त्री, दिसतंय सगळं झकास, पण घराला माणसाचा वास नाही." मग त्यानं ती गोष्ट केली जी पुढं त्याच्या कामाची खूण म्हणून सांगितली गेली. मजूर अड्ड्यावरून बिनघरची माणसं आणली आणि शूटिंगच्या कितीतरी आधीपासून त्यांना रोजाचे पैसे देऊन त्या घरांत राहायला लावलं. स्वयंपाक करा, भांडा, धुणं वाळत घाला, पोरांना मारा, काय वाट्टेल ते करा, फक्त राहा. त्यातच आईबरोबर ती पोर आली होती. शूटिंग संपल्यावर सेट मोडायचा होता, तर तीच माणसं पुढं आली. आम्हीच मोडतो म्हणाली, लाकूड तेवढं आम्हाला द्या. मिस्त्री म्हणाला, देऊन टाक रे. दिलं. कुणी मोडलं नाही आणि कुणी बघायला गेलं नाही. पुढं एकदा पुलावरून जाताना त्यानं टॅक्सीतून पाहिलं, तर त्याच्या सेटच्या छपरांवर टीव्हीच्या छत्र्या उगवल्या होत्या. हा किस्सा तो मग जेवणाच्या टेबलांवर सांगायचा. "माझ्या सगळ्या सिनेमांत हाच एक उपयोगी पडला," असं म्हणायचा, आणि लोक पोट धरून हसायचे. तोही हसायचा. पण तो किस्सा सांगताना त्याला दर वेळी आतून जे वाटायचं ते इतर कुठल्याही सिनेमाबद्दल वाटलं नव्हतं, हे त्यानं कुणाला सांगितलं नाही.

बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि शेंगा सोलता सोलता म्हणाली, "म्हणजे प्रश्न एवढाच ना, की ती माणसं तिथं राहत होती की तुमच्याकडं कामाला आली होती?"

"हो. राहत होती म्हटलं तर सिनेमा पुरावा. कामाला आली होती म्हटलं तर सिनेमा म्हणजे नुसता सिनेमा. नंतर कोण राहिलं ते बघायला मी कुठं गेलो होतो?"

"मग राहत होती म्हणून सांगा."

"अगं, राहायचं काम होतं त्यांचं. राहायचे पैसे मिळत होते. मग राहत होती म्हणायचं की कामाला होती?"

"अहो, उगाच शब्दांचा कीस पाडू नका. आयुष्यभर खरं बोलून काय दिवे लावलेत? एकदा खोटं बोलून बघा, कुणाचं तरी भलं होईल." मग तिनं शेंगांचं ताट बाजूला ठेवलं. एवढं तिनं फार दिवसांत केलं नव्हतं. "आणि त्या बाईला नीट पढवून ठेवा. ऐन वेळी काहीतरी बोलून बसेल. लष्करच्या भाकऱ्या भाजायच्याच आहेत तर करपू तरी देऊ नका." तो हं म्हणाला.

म्हणून बुधवारी दुपारी तो वस्तीत गेला. तिला पढवायलाच गेला होता, हे अगदी खरं. गल्लीत शिरल्यावर पाय आपोआप वळले. इथं कॅमेऱ्याची ट्रॉली होती, इथं दिव्यांचा माणूस बसायचा. तिच्या दारावर त्यानं हात ठेवला. मिस्त्रीची काजळी कुठली आणि नंतरच्या तीस वर्षांच्या चुलीची कुठली, हे त्याच्या डोळ्यांना कळेना. मिस्त्री असता तर त्यानं नखानं खरवडून सांगितलं असतं. मिस्त्री गेला तेव्हा आपण परदेशात त्या खिडकीवर भाषण देत होतो. आतमध्ये फ्रिज होता, फ्रिजवर नातवाची वह्यापुस्तकं, आणि त्या खिडकीला आता जाळी बसवली होती, मांजर येतं म्हणून. खोलीला वास होता. उकळलेल्या दुधाचा, ओल्या कपड्यांचा, औषधाचा, झोपून उठलेल्या माणसांचा. तो खोल श्वास घेऊन तो वास आत ओढत राहिला, हावरटासारखा. तिनं त्याला घरातल्या एकुलत्या एका खुर्चीत बसवलं आणि दारात गर्दी झाली. "हेच ते!" ती सगळ्यांना सांगत होती. "मोकळं माळरान होतं, कुत्री भुंकायची. यांनी एकेक घर उभं केलं आणि आम्हाला दिलं. सख्खा भाऊ देणार नाही." सून पाया पडायला वाकली. एक म्हातारा नुसता हात जोडून उभा राहिला.

हीच वेळ होती. आता तिला बाजूला घेऊन म्हणायचं होतं, बाई, उद्या असं बोलायचं नाही. मी काही बांधलं नाही. तुम्ही आधीपासून होतात, मी नंतर आलो, कॅमेरा लावला आणि गेलो. असंच बोलायचं, नाहीतर घर जाईल. दोन वाक्यांचं काम. तिनंच विचारलंही, "दादा, मी काय बोलायचं हो तिथं? मला तर साहेब लोक दिसले की दातखीळ बसते." आणि तो खुर्चीत बसून त्या माणसांकडे बघत राहिला. अख्ख्या जगात ही एवढीच माणसं होती जी म्हणत होती की यानं काहीतरी केलं. यांच्यासमोर, या खोलीत बसून, मी काही केलेलं नाही असं कोणत्या तोंडानं शिकवायचं? जीभ रेटेना. आणि मग जुनी सवय मदतीला धावून आली, कारण सवय नेहमी पळपुट्याच्याच मदतीला धावते. बाहेरून आणलेल्या माणसाला त्यानं जन्मात कधी संवाद पाठ करायला दिला नव्हता. नटांना कागद, यांना फक्त जागा दाखवायची. पढवलं की ही माणसं लाकडं होतात, हे त्याचं ब्रह्मवाक्य. "काही नाही गं," तो म्हणाला, "नुसतं उभं राहायचं. बोलायचं ते मी बोलेन. विचारलंच कुणी, तर मनात येईल ते बोल." तिचा जीव भांड्यात पडला. त्याचाही पडला. परत येताना त्यानं स्वतःला समजावलं की तिला कोण कशाला विचारतंय.

गुरुवारी ऑफिसात ते दोघं बाकावर शेजारी शेजारी बसले. तिनं ठेवणीतली साडी नेसली होती आणि केसांना तेल लावलं होतं. त्याला वाटलं, हिला उगाच तेल लावू दिलं, दिव्यात चमकेल. मग स्वतःचाच राग आला. पंखा कटकट करत फिरत होता, फायली दोऱ्यांनी आवळलेल्या, आणि टेबलामागचा अधिकारी तरणाच निघाला. त्याला बघून तो चक्क उभा राहिला. "सर, बसा ना. कॉलेजात असताना बघितलाय मी तुमचा सिनेमा. झोप लागली नव्हती त्या रात्री." आणि बाईकडे बघून म्हणाला, "ही ती खिडकीतली? खरंच?" बाई लाजली. आशा कशाला म्हणतात ते इतक्या वर्षांनी त्याला असं अचानक भेटलं, सरकारी टेबलाच्या पलीकडे, चष्मा लावलेलं. याला हो म्हणायचंय. आपण फक्त हो म्हणण्यासारखं काहीतरी द्यायचं.

"सर, एवढंच सांगा," अधिकारी म्हणाला. "तुम्ही चित्रीकरणाला गेलात तेव्हा ही मंडळी तिथं राहत होती?"

"राहत होती," तो म्हणाला.

"म्हणजे वस्ती होती आधीची?"

"होती. मी फक्त कॅमेरा लावला." शब्द तोंडातून बाहेर पडले आणि त्याला मिस्त्रीचे हात दिसले, चहाच्या पाण्यानं तपकिरी झालेले. तुझं काम पुसतोय रे, तो मनात म्हणाला. तुझंही आणि माझंही. जाऊ दे. आणि नवल म्हणजे, जाऊ दे म्हटल्यावर दुखलं नाही. अख्ख्या आयुष्याचं एकच खरं काम आपण हातानं पुसतोय, आणि त्यातून कुणाच्या तरी डोक्यावर छप्पर राहतंय. सिनेमानं जे कधी झालं नाही ते सिनेमा नाकारून होतंय, तर होऊ दे. त्याला हलकं हलकं वाटू लागलं.

"मी कुठंतरी वाचलं होतं, सेट लावला होता म्हणून," अधिकारी जरा अडखळत म्हणाला. "मोकळी जमीन होती, वगैरे."

"हो, मीच सांगायचो तसं. अहो, आम्हा सिनेमावाल्यांना फुशारक्या मारायची खोड. फुकटचं श्रेय कोण सोडतो? खरं तर मी एक खिळाही ठोकला नाही तिथं."

अधिकारी मोकळेपणी हसला आणि लिहू लागला. त्याच्या पेनाची कुरकुर ऐकू येत होती. लिहिता लिहिता, नुसत्या सौजन्यानं, एखाद्याला चहा विचारावा तसं त्यानं मान वर करून विचारलं, "काय बाई, बरोबर ना?"

त्यानं तिच्याकडे बघितलं, आणि त्याला कळलं. ती केव्हापासून त्याच्याकडेच बघत होती. डोळे भरलेले, नाकपुड्या फुललेल्या. तिच्यासमोर तिच्या देवानं स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी तशी तिची अवस्था झाली होती. दातखीळ बसणारी बाई ताडकन उठून उभी राहिली.

"काहीतरीच काय बोलता दादा! साहेब, यांचं नका लिहू. हे असेच आहेत, मोठेपणा घ्यायचा नाही म्हणजे नाही. तिथं काय होतं हो? माती होती नुसती! एकेक घर यांनी उभं केलंय. आम्हाला अड्ड्यावरून उचलून आणलं, रोज दिला, जेवायला घातलं, राहा म्हणाले. माझी आई मरेपर्यंत यांचं नाव घेऊन पाणी प्यायची. आम्ही आधी तिथं असतो तर यांच्याकडं कशाला गेलो असतो? सगळं यांचं आहे साहेब. लिहा तुम्ही, यांनीच बांधलं."

पेनाची कुरकुर थांबली. अधिकाऱ्यानं त्याच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता. सर, काहीतरी बोला, असं ते बघणं होतं. त्यानं तोंड उघडलं. या बाईला आता नीट आठवत नाही, असं म्हणता आलं असतं. ही खोटं बोलते, असंही म्हणता आलं असतं. पण ती त्याच्याकडे बघत उभी होती, धापा टाकत, आणि त्या चेहऱ्यावर जे होतं ते त्यानं जन्मभर माणसांकडून काढायचा प्रयत्न केला होता. इतकं खरं त्याच्यासमोर कधी कुणी बोललं नव्हतं. त्याच्यानं ते मोडवलं नाही. अधिकाऱ्यानं कागद हळूच उलटा ठेवला. "कळवतो," तो म्हणाला, आणि उभं राहून त्यानं पुन्हा नमस्कार केला.

बाहेरच्या जिन्यात ती थांबली. पदरानं कपाळ पुसलं. चेहरा उजळला होता. तिनं त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. तिचे हात गरम होते. "मला वाटलं जीभ वळायचीच नाही," ती म्हणाली. "पण तुमच्याविषयी कुणी असं लिहून घेतोय म्हटल्यावर राहवेना. आता काळजी नाही. नवी खोली मिळाली की पहिले तुम्ही यायचं, वहिनींना घेऊन. याल ना?"

"येईन," तो म्हणाला.

जिन्यावरून माणसं वरखाली करत होती, त्यांना वाट देत ती भिंतीला टेकली आणि जरा लाजून, वीस वर्षांच्या पोरीसारखी, शॉट संपल्यावर विचारायची तशी मान खाली घालून तिनं विचारलं, "दादा, नीट झालं ना माझं?"

त्यानं तिच्याकडे बघितलं.

"छान झालं," तो म्हणाला. "पुन्हा करायची गरज नाही."